व्याकरणाचं पुस्तक जरा उशिरा उघडा

आषाढ लागला की गगनबावडा तालुक्यात बऱ्याच घरांची आपोआप शाळा होते. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आपल्याकडे. घाटात दरड येते, ओढे भरून वाहतात आणि धनगरवाड्यावरची पोरं घरातच अडकतात. त्यात हल्ली काही आईवडील मुलांना ठरवूनच घरी शिकवतात. दोघांचाही प्रश्न एकच : मराठीसाठी पुस्तक कोणतं घ्यावं आणि व्याकरण कधी सुरू करावं?

सहा-सात वर्षांच्या पोरासाठी व्याकरणाचं पुस्तक घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली निघालं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. थोर कामं ती. पण ज्याला भाषा येते त्याला तिची घडण उलगडून दाखवण्यासाठी ती पुस्तकं आहेत. बाजारातल्या वह्या-पुस्तकांत त्याच व्याख्या बारीक करून शेजारी सशाचं चित्र छापतात. सशामुळे व्याख्या सोपी होत नाही.

आणि पोराला व्याकरण येत नाही असं कोण म्हणतं? चार वर्षांचं पोर ‘कुत्र्याला भाकरी दे’ म्हणतं. ‘कुत्रा’चं ‘कुत्र्या’ करायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. एखादं ‘कुत्राला’ म्हणालं तर हसू नका. ‘मामाला’, ‘दादाला’ ऐकून त्यानं स्वतः नियम काढलेला असतो. तो सगळीकडे चालत नाही, हे त्याला अजून कळायचं असतं. तुम्ही बोलताना ‘कुत्र्याला’ म्हणत राहा. कान आपलं काम करतो.

पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, सगळं घर तीर्थयात्रेला निघालेलं असताना संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांच्या तोंडी बसले होते. तेवढं पाठांतर आज कुणी कुणावर लादू नये, पण आधी कानानं घ्यायचं ही रीत धरण्यासारखी आहे.

म्हणून व्याकरण बाजूला ठेवा आणि पहिली निवड वाचनाच्या पुस्तकाची करा. आपण अंकलिपी आणतो : अ अननसाचा. गगनबावड्याच्या पोरानं करवंद, जांभूळ, फणस झाडावरून काढून खाल्लेला असतो. अननस मात्र बहुधा चित्रातच पाहिलेला! तेही एक वेळ चालेल. खरी अडचण पुढे आहे. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत पोराला वाचायला काही मिळतच नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वेगळी वाट काढली. थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं आणि लगेच शब्द वाचायला लागायचं. समजा, क, म, ल आणि काना एवढंच आलं. तेवढ्यात काम, मका, माल, कमल, कमाल असे शब्द होतात. पोराला वाचता आल्याचा आनंद त्याच आठवड्यात मिळतो, वर्षाअखेरपर्यंत थांबावं लागत नाही. दुकानात पुस्तक चाळताना एवढंच बघा : पहिल्या दहा पानांत पोर एखादं अर्थाचं वाक्य वाचू शकेल का? बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ती जोडीला ठेवा.

दुसरं पुस्तक विकत मिळत नाही. ते घरी करायचं. पोरानं सांगायचं आणि मोठ्यानं लिहायचं : म्हैस कशी चिखलात बसली, आजी काय बोलली. त्याच्याच शब्दांत, ठळक अक्षरात. मग ते त्यानं वाचायचं. आईचं शुद्धलेखन कच्चं असलं तरी बिघडत नाही. आणि पोर ‘काय करायलास?’ म्हणालं तर तसंच लिहा. घाट उतरून वैभववाडीकडे गेलं की ‘खंय चललंस?’ ऐकू येतं. दोन्ही बोलींना आपापलं व्याकरण आहे. त्यांना ‘अशुद्ध’ असा मथळा देऊन डाव्या रकान्यात कोंबणारी पुस्तकं मी तरी घरात आणणार नाही. ज्या बोलीत पोर विचार करतं तिच्यावर लाल रेघ मारली की ते लिहिणंच टाळतं.

नववं-दहावं वर्ष लागलं की व्याकरण काढा, आणि तेही त्याच्याच वहीतून. ‘फूल’ लिहिताना ऊ दीर्घ, ‘फुलाला’ म्हणताना ऱ्हस्व. तूप, तुपात. कीस, किसाचा. पाच-सहा जोड्या त्याच्याकडून शोधून घ्या, नियम ते स्वतः सांगेल. मग ‘गुण’सारखा संस्कृतातून आलेला शब्द पुढे करा. तो या नियमात बसत नाही. पोर भांडेल. भांडू द्या, व्याकरणाचा अभ्यास तिथेच सुरू होतो. नाम, सर्वनाम, विशेषण ही नावं त्यानंतर द्यायला सोपी जातात.

घरी शिकणाऱ्यांसाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवी स्तराच्या परीक्षा आहेत. तिथे प्रमाण मराठी लागतेच. तेव्हा परीक्षेच्या आधीचं वर्ष प्रमाण मराठीसाठी राखून ठेवा. आपल्याकडच्या मुली बिनधास्त ‘मी जातो’ म्हणतात. पेपरात ‘मी जाते’ लिहायचं, एवढं त्या वर्षी सांगा. घरात मुलीनं ‘जातो’ म्हटलं तर जाऊ द्या तिला.