ताऱ्याचा कस
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुलांचे मार्क, फी, प्रवेश हे सगळे प्रश्न सोडून हे गृहस्थ आभाळातले काय सांगणार, असे काही पालकांच्या मनात आले असेल. पण माझा विषय आपल्या जळगावच्या सराफ बाजाराच्या जवळचाच आहे. जुना सराफ दागिना वितळवत बसत नसे. काळ्या कसोटीवर तो सोने घाशी, उमटलेली रेघ पाही आणि कस सांगे. ताऱ्याचेही तसेच आहे. तारा हाती येत नाही, त्याची रेघ मात्र येते.

ही रेघ कसली? चुलीच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाका, ज्योत पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे असे आपापले ठरलेले रंग असतात. ताऱ्याच्या आतला प्रकाश बाहेरच्या, त्या मानाने थंड वायूतून येताना तो वायू नेमके आपलेच रंग गिळतो. त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरला की इंद्रधनुष्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. या रेघा वाचण्याची किल्ली 1859 मध्ये किर्खोफ आणि बुन्सेन या दोघांनी दिली.

आपल्याकडे ही विद्या फार उशिरा आली असे नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची दुर्बीण आकाशातील वर्णपट वाचण्यासाठीच होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी सूर्याचे वर्णपट घेतले. पुढे 1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

रेघ दिसली म्हणजे ते द्रव्य आहे, एवढे कळले. पण किती आहे? खरी मेहनत इथे आहे. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेघा हायड्रोजनच्या रेघांपेक्षा ठळक दिसतात, आणि प्रत्यक्षात हायड्रोजनचे अणू कॅल्शियमच्या सुमारे पाच लाख पट आहेत! रेघेच्या जाडीवर भोळेपणाने विश्वास ठेवला तर माणूस फसतो. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान दुकानदाराचा मुलगा, मेघनाद साहा, याने 1920 मध्ये याचे उत्तर समीकरणात मांडले. तापमान वाढले की अणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मग त्यांच्या रेघाही बदलतात. म्हणून आधी ताऱ्याचे तापमान, मग रेघ, आणि मग माप.

साहांचे हेच गणित घेऊन सिसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने 1925 मध्ये हिशेब केला, तेव्हा तारे मुख्यतः हायड्रोजनचे निघाले. रसेल यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला ते पटेना. त्यांच्या सांगण्यावरून तिला आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तराला आले. मुलींना दहावीनंतर विज्ञान कशाला, असे विचारणाऱ्या पालकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू' म्हणतात, प्राणवायूलासुद्धा. आपल्या तांबटांना हसू येईल, पण त्यांचा रिवाज तसा आहे. मापाला मुख्यतः लोखंड धरतात, कारण त्याच्या रेघा भरपूर असतात. हिशेब बरोबर आहे की नाही हे तपासण्याची युक्तीही सुरेख आहे. लोखंडाचे काही अणू अखंड असतात, काहींचा एक इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. दोघांच्या रेघांवरून लोखंडाचे प्रमाण एकच आले पाहिजे. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही तर आपली गृहीते पुन्हा तपासायची.

सूर्यात हायड्रोजनच्या सुमारे 30 हजार अणूंमागे लोखंडाचा एक अणू आहे. सगळे तारे साधारण असेच असणार, असा समज होता. 1951 मध्ये चेंबरलेन आणि अ‍ॅलर यांनी धातूंची फारच वाण असलेले दोन तारे दाखवले आणि तो समज मोडला. आज असे तारे माहीत आहेत की ज्यांत तीन कोटी अणूंमागे लोखंडाचा एक अणू सापडतो. याचा अर्थ काय? सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच होते. बाकीचे ताऱ्यांच्या भट्टीत तयार झाले. तेव्हा धातू जितके कमी, तितका तारा बहुधा जुना. एका ताऱ्यात 2001 मध्ये युरेनियमची रेघ सापडली. त्याच्या क्षयावरून ताऱ्याचे वय सुमारे 1250 कोटी वर्षे आले. मात्र चूकभूल 300 कोटींची!

यातला सौम्य नमुना डोळ्यांनी पाहायचा तर मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास धुळ्यात किंवा जळगावात गच्चीवर जा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे न्या, नारिंगी स्वाती भेटेल. अरबी ज्योतिर्विदांचा हा भालेधारी सिमाक. त्यात सूर्याच्या मानाने लोखंड सुमारे एक तृतीयांशच आहे.

फार गरीब ताऱ्यांच्या रेघा मात्र केसापेक्षा बारीक. त्यासाठी लडाखमध्ये हानले येथे सुमारे 4500 मीटर उंचीवर दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे लोक ती होसकोटे गावातून उपग्रहामार्फत चालवतात. तिथला वर्णपटमापक 60 हजारांत एका भागाने वेगळे असलेले दोन रंग निरनिराळे दाखवू शकतो. या संस्थेतील अरुणा गोस्वामी यांनी धातू कमी पण कार्बन जास्त अशा ताऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे.

2014 मध्ये ऑस्ट्रेलियातून सापडलेल्या एका ताऱ्यात तर लोखंडाची एकही रेघ मिळाली नाही. सूर्याच्या एक कोटीव्या हिश्श्यापेक्षाही ते कमी. तरी त्यात कॅल्शियम आणि कार्बन आहेत, म्हणजे त्याच्याही आधी कोणी तारा जळून गेलेला. ज्यात धातूचा एकही कण नाही असा पहिल्या पिढीचा तारा आजवर कोणालाच सापडलेला नाही. त्यातले थोरले केव्हाच संपले. धाकटे जन्मले असतील तर ते अजून जळत असतील, आणि त्यांचा शोध चालू आहे.