साहसशिबिरांचे नेतृत्व



बालाघाट हा वनांचा आणि वैनगंगेचा जिल्हा. मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे. शालेय पदभ्रमण व वनशिबिरे यांना ही भूमी सर्वथा अनुकूल होय. तथापि, अशा शिबिरांचे नेतृत्व कोणी करावे, याचा विचार क्वचितच होतो.

प्रघात असा की, वाट काढणे, दोर बांधणे व अग्रभागी चालणे ही पुरुष शिक्षकाची कामे. शिधा मोजणे आणि मुलींना सांभाळणे ही शिक्षिकेची. यात शिक्षिकेवर अन्याय होतो, हे उघडच आहे. परंतु मुलग्यांचीही यात हानी होते, हे तितकेसे ध्यानी येत नाही. ‘मर्द असशील तर उतर पाण्यात’ हे ऐकत वाढलेला मुलगा भीती वाटली तरी बोलत नाही, पाय मुरगळला तरी थांबत नाही. पावसाळ्यात फुगलेल्या नाल्याकाठी असे मौन जिवावर बेतू शकते.

२३ मे १९८४ रोजी बचेंद्री पाल यांनी एव्हरेस्ट सर केले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आदल्या दिवशी साउथ कोलच्या तळावर पोचल्यावर, मागे राहिलेल्या सहकाऱ्यांसाठी त्या चहा व फळांचा रस घेऊन पुन्हा खाली उतरल्या होत्या. उद्याच्या चढाईसाठी शक्ती राखून ठेवण्याच्या वेळी त्यांनी ती सोबत्यांसाठी खर्च केली. चहा पोचविणे हे काम घरात बाईचे मानले जाते. त्या उंचीवर तेच नेतृत्व ठरले. पुढे १९९४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १८ महिलांनी हरिद्वार ते कलकत्ता हा गंगेचा २,१५५ किलोमीटरचा प्रवास तराफ्यांतून ३९ दिवसांत पुरा केला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. बैहर भागातील बैगा व गोंड स्त्रिया भल्या पहाटे मोहफुले वेचण्यास आणि उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्यास रानात जातात. वाटा, पाणवठे व श्वापदांच्या खुणा त्या जाणतात. या ज्ञानाला कोणी साहस म्हणत नाही, इतकेच.

राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत महिलांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो. तेव्हा अडसर नियमांचा नाही, सवयीचा आहे. ती मोडण्यास निधी लागत नाही. शिबिरातील कामे पाळीपाळीने वाटावीत. चूल मुलग्यांनीही पेटवावी, नकाशा मुलींनीही वाचावा. प्रशिक्षणासाठी शिक्षिकांची नावे आवर्जून पाठवावीत. आणि ‘येथून परत फिरू’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्यास असावा. त्याबद्दल कोणाचीही थट्टा होऊ नये.

सर्वांत पुढे चालणारा तो नेता, ही समजूत जुनी झाली. सर्वांना सुखरूप परत आणतो, तो नेता. मग तो पुरुष असो वा स्त्री.