डब्याची मागची बाजू वाचा

इंजिनात ऑइल काय करतं, हे या सभागृहाला सांगायला नको. थेट मुद्द्यावर येतो. सिंथेटिक ऑइल असलेल्या गाडीत साधं, म्हणजे मिनरल ऑइल टाकलं तर? गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं: 'साहेब, ऑइल फाटेल, इंजिन बसेल!' (हशा) मंडळी, या भीतीपायी माणसं डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेखाली गेलं तरी तशीच घाट चढतात. मग बेअरिंगला ऑइल पोहोचत नाही आणि इंजिन खरोखर बसतं. मिसळल्यानं नव्हे, कमी पडल्यानं.

दोन्ही ऑइलं मुळात हायड्रोकार्बनच. ती एकमेकांत विरघळतात. एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा परवाना हवा तर ते सिद्धही करावं लागतं. नवं ऑइल ठरावीक ऑइलांत मिसळून थंड करतात, तापवतात आणि थर वेगळे होतात का ते बघतात. सेमी-सिंथेटिक म्हणून आपण विकत घेतो, ते तर कारखान्यात केलेलं मिश्रणच आहे. न जमणारी जोडी वेगळी: एरंडेल आणि मिनरल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती नोम इंजिनं एरंडेलावर चालत...

(श्रोत्यांतून : 'मग सिंथेटिकला जास्त पैसे का?')

रास्त प्रश्न आहे. सिंथेटिक वाईट, असं मी म्हणत नाही. थंडीत ते लवकर वाहतं, उष्णतेत जास्त टिकतं. पण सिंथेटिक म्हणायचं कशाला? पूर्वी अर्थ होता, रसायनांपासून रेणू जुळवून केलेलं. पुढे कच्च्या तेलाचाच अंश हायड्रोजनच्या दाबाखाली इतका शुद्ध होऊ लागला की कॅस्ट्रॉलनं अमेरिकेत त्यालाही सिंथेटिक म्हटलं. मोबिलनं जाहिरातींच्या तंटा-निवारण मंडळाकडे तक्रार केली. 1999 मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. जर्मनीत मात्र अशा ऑइलला 'पूर्ण सिंथेटिक' म्हणता येत नाही. म्हणजे तेच ऑइल सीमा ओलांडली की नाव बदलतं! त्या एका शब्दावर आपण इंजिनाचं भवितव्य का टांगायचं? डबा उलटा करा. एपीआय किंवा युरोपातल्या एसीईएची श्रेणी आणि 5डब्ल्यू-30 सारखी ग्रेड गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

...अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दोनच मिनिटं घेतो, कारण हे सांगितल्याशिवाय उतरणार नाही. बीएस-6 डिझेलवाल्यांनी ऐका. तुमच्या धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आहे. त्यातली काजळी जळून जाते, ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, साचत जाते. तिथे कमी राखेचंच ऑइल हवं. जुन्या ट्रकचं उरलेलं चालणार नाही, मग ते सिंथेटिक असो वा नसो.

(श्रोत्यांतून : 'आणि रात्री महामार्गावर तसं मिळालंच नाही तर?')

तर ग्रेड जवळची बघून मिळेल ते टाका, पण पातळी खुणांच्या मध्ये आणा. काठोकाठ भरू नका. घरी पोहोचल्यावर सिंथेटिकची लांबलेली मुदत विसरा, ऑइल मिनरलच्या मुदतीत बदला. डीपीएफची गाडी असेल तर तेवढंही थांबू नका, त्याच आठवड्यात बदला.