लेकीची सायकल हलकी केली

आमच्या गटातल्या एकीची लेक रोज चढावर सायकल ढकलत शाळेला जायची. शेवटी म्हणाली, "आई, शाळाच नको." सायकल जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, माउंटन म्हणतात तसली. आम्ही ती धान्याच्या काट्याला टांगली. १९ किलो!

सायकलवाल्या मिस्त्रींकडून एकेक भाग सोडवून तोलला. पुढचा शॉकअपचा चिमटाच अडीच किलोंचा. खड्ड्यात तो जेमतेम दबायचा, पण घेताना हौस आपलीच होती ना! साधा चिमटा बसवला, सव्वा किलो उतरलं. त्याची लांबी मात्र जुन्याएवढीच हवी, नाहीतर सायकल पुढे झुकते.

मग चाकं. लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमच्या घातल्या, टायर कमी रुंदीचे, बारीक नक्षीचे घेतले. त्यात दीड किलो गेलं. शिवाय ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, ॲल्युमिनियमवर बरंच चांगलं धरतं. पावसाळ्यात उतार उतरणाऱ्या पोरीसाठी हे वजनापेक्षा मोठं. जुने पण चांगले भाग मिळाले, म्हणून खर्च गटाच्या कर्जात भागला. मडगार्ड, कॅरिअर, घंटी यांना हात लावला नाही.

आता सायकल सव्वासोळा किलो. चढ काही कमी झाला नाही, पण मधल्या वळणापर्यंत ती पायडल मारत जाते. काटा टांगलेलाच होता, म्हणून दप्तरही अडकवून पाहिलं. साडेपाच किलो! सोमवारी आम्ही शाळेत बाईंना भेटायला जाणार आहोत.