'असा बालगंधर्व' आणि मामीचे प्रश्न

मी सौंदडहून बोलतेय. मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या. नागपूर-रायपूर हायवे आमच्या गावावरूनच जातो आणि इथं रेकॉर्डिंग सुरू आहे हे त्याला कोण सांगणार?

आजचं पुस्तक चांगलंच जाडजूड आहे. अभिराम भडकमकर यांची 'असा बालगंधर्व' ही कादंबरी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुबोध भावेचा 2011 सालचा 'बालगंधर्व' सिनेमा पाहिला असेल. त्याची पटकथाही भडकमकरांचीच. पण सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक सोडू नका. सिनेमात भरजरी शालू दिसतात, आणि ते डोळ्यांना छान वाटतं. वाचताना मात्र मनात येत राहतं की या शालूंचे पैसे कोण देतंय?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888. लहान वयात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. गाणं शिकले भास्करबुवा बखल्यांकडे. बायकांनी रंगभूमीवर यायचं नाही असा तो काळ, त्यामुळे नायिका पुरुषच करायचे. पण यांची नायिका अशी की घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळायला लागल्या. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस. आता विचार करा, नाटकाच्या साथीला थिरकवा!

सुरुवातीची पानं थोडी जड जातात, हे आधीच सांगून ठेवते. नावांची गर्दी होते. कोण कुठल्या कंपनीतून फुटला, कोण कोणाचा भागीदार, डोकं गरगरतं. मी एका कागदावर नावं लिहून ठेवली होती. तुम्ही मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा.

ही कादंबरी मी एकटीने वाचली नाही. माझ्या मामाला वाचून दाखवली. मामा झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगते, झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या की इथं नाटकांचा सीझन लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही नाटकवाल्यांची राजधानी. गावोगावची मंडळं तिथं जाऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात. मंडप पडतो, तिकीट लागतं आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गन, तबला, स्टेजवरचं गाणं, सगळं जिवंत. इथल्याच परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांनी 'हे काय असतं?' म्हणून गूगल केलं.

तर मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि यंदा सीझनमध्ये तो घरी. धान चुरून झालेलं, रात्री जेवणं आटोपली की मी वाचायची. मामा खाटेवर, मामी चुलीजवळ. मामीला नाटकाचा राग आहे. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मामाने एका कंपनीत भागीदारी केली, दोन सीझन पडले, कर्ज झालं. एक बांधी विकली, मामीच्या पाटल्या गेल्या. त्या घरात बालगंधर्वांची गोष्ट वाचायची म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

12 मार्च 1911. मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. खाडिलकरांचं नाटक, टेंब्यांचं संगीत, बालगंधर्व भामिनी. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला. ही गोष्ट मराठी माणसाला कलेची निष्ठा म्हणून सांगितली जाते, मीही शाळेत तशीच ऐकली होती. वाचून झालं तेव्हा मामाचा गळा दाटून आला होता. तो एवढंच बोलला, "तारीख दिली होती ना बाई. तारीख म्हंजे तारीख."

चुलीजवळून मामीचा आवाज आला, "अन् पोरीची माय कुठी होती व?"

मित्रांनो, खरं सांगते, हा प्रश्न मला आधी पडलाच नव्हता. माय कुठं होती? प्रयोग मुंबईच्या थिएटरात, टाळ्या तिथं, वन्स मोअर तिथं. आणि लक्ष्मीबाई? त्या दिवशी त्यांच्या हातात काय होतं? त्या प्रश्नानंतर मी पुस्तक वेगळंच वाचायला लागले. प्रत्येक प्रसंगात घरात कोण आहे, ते शोधायला लागले. बालगंधर्वांबद्दल एवढं लिहिलं गेलंय, पण त्या बाईबद्दल हाताला फार थोडं लागतं. 1940 साली त्या गेल्या.

पैशाचंही तसंच. खरे शालू, उंची अत्तरं, बिऱ्हाडाला पन्नासांची पंगत. प्रेक्षक म्हणजे मायबाप, त्यांना खोटं काही दाखवायचं नाही. 8 जुलै 1921 ला केशवराव भोसल्यांसोबत 'संयुक्त मानापमान' झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि मुंबई लोटली. पण त्याच सुमारास कंपनीवर लाखावर कर्ज होतं. 1921 सालचे लाख! कर्ज माझं आहे आणि मी फेडणार, अशी त्यांची भूमिका. इथं मामा मान डोलवायचा. मामी भांडी जोरात आपटायची.

मला विचाराल तर मला दोघांचंही पटतं, आणि त्यामुळेच ही कादंबरी त्रास देते. बालगंधर्वांना देव करून टाकणं सोपं आहे, उधळ्या ठरवणंही सोपं आहे. पण खोट्या जरीचा शालू नेसला असता तर तो आवाज तसाच लागला असता का? ते स्वतःला फसवू शकत नव्हते, असं मला वाटतं. त्याची किंमत दुसऱ्यांनीही मोजली, हेही तितकंच खरं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडणार. गोहरबाई कर्नाटकी. 'या बाईने बालगंधर्वांना बुडवलं' असं आजही लोक बोलतात. अहो, तारखा लावून बघा ना. 1931 ला 'आलम आरा' आला, 1932 ला मराठीत 'अयोध्येचा राजा'. बोलपटांनी सगळ्याच नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. 1935 ला बालगंधर्व स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. गोहरबाई कंपनीत आल्या त्या यानंतर. पडझड आधीच झाली होती. मग शेवटच्या काळात, पाय गेलेल्या माणसाची सेवा करणारी ही गायिका खलनायिका कशी? ती मुसलमान होती, बाई होती आणि दुसरी होती, एवढ्यावर लोकांनी निकाल लावला. 1964 ला ती गेली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. 15 जुलै 1967 ला ते गेले.

आपल्या विदर्भाचा एक धागाही यात आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले. त्यांचं 'एकच प्याला' महिन्याभरात, 20 फेब्रुवारीला बडोद्याला रंगभूमीवर आलं. शालूंची सवय असलेले बालगंधर्व त्यात दारुड्याच्या बायकोच्या, सिंधूच्या भूमिकेत ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहिले आणि लोक रडले. लिहिणाऱ्याला ते बघायला मिळालं नाही. हे वाचताना मामी पहिल्यांदा चुलीजवळून उठून खाटेपाशी येऊन बसली. सिंधूला ती ओळखत होती ना. आमच्या भागात हे नाटक नवं नाही, आणि दारूही नाही.

पुस्तक वाचायला घेणार असाल तर आधी यूट्यूबवर 'स्वयंवर'मधली त्यांची पदं ऐका, भास्करबुवांच्या चाली आहेत. जुन्या तबकडीची खरखर आहे, एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पहिल्यांदा ऐकताना 'यात एवढं काय?' वाटेल. कानात घालून, डोळे मिटून, दुसऱ्यांदा ऐका. तान मोठी नाही, पण शब्द कुठेही तुटत नाही, आणि सूर असा अलगद येतो की आपणच श्वास रोखून धरतो. रात्री ऐका, बसमध्ये नको.

मामाचं म्हणाल तर डोळा बरा आहे. परवा वडसावरून फोन आला, महाशिवरात्रीला एका गावात नाटक लागलंय, ऑर्गनवाला पाहिजे. मामा हो म्हणायच्या आतच मामीने फोन घेतला. "अॅडव्हान्स पाठवा," ती म्हणाली, "अन् माझ्या नंबरवर पाठवा. मंग येतीन ते." मामा भिंतीकडे बघत हसत होता. पैसे आले, अर्ध्या तासात. मग मामीनेच ऑर्गनवरची चादर काढून झटकली.

पुढच्या भागात खडीगंमतीवर बोलू. तोवर ऐकत राहा.