पदार्थविज्ञान, संगणक आणि आपली मुले



आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या आणि वणीकडच्या कोळसा खाणींच्या कामगारांत वावरलेले. पदार्थविज्ञानावर बोलण्याची पदवी आम्हांस कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही. जे थोडेबहुत कळते ते वाचनालयातल्या पुस्तकांचे आणि फिटर मंडळींच्या संगतीचे देणे. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. या जिल्ह्यातल्या कॉलेजांत बी. एस्सी. करणारी पुष्कळ मुले आमच्याच सभासदांची आहेत. ती काय शिकतात हे पाहणे आमच्या कामाबाहेरचे नाही.

संगणकाला आमच्या चळवळीने विरोध केला, असे आम्हांला हिणवून सांगतात. केला खरा. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कित्येक वर्षे तो केला, आणि १९८३ साली अटी लेखी ठरवून करार केला. भांडण यंत्राशी नव्हते. यंत्र कोणासाठी व कोणाच्या जागी, याचे होते. कॉलेजात संगणक शिरला तेव्हा हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

शिरला तो टप्प्याटप्प्याने. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. २००३ साली एनपीटेल प्रकल्प सुरू झाला, आणि आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने त्यावर आली. २००९ च्या सुमारास केंद्र सरकारच्या खर्चाने ‘आभासी प्रयोगशाळा’ निघाल्या. तिकडे अमेरिकेत, २००१ चे नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात पडद्यावरच्या प्रयोगांचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प काढला. त्यातले कित्येक प्रयोग आज मराठीतही फुकट मिळतात. हे आम्ही मोठे काम मानतो. दोन फटींतून येणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना कशा मिटवतात, बंद भांड्यात वायूचे कण तापल्यावर कसे धावतात, हे खडूने फळ्यावर दाखवताना चांगल्या मास्तरांचीही दमछाक होते. पडद्यावर ते घटकाभरात समजते. जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते दाखवावे, त्यात कोणाचे नुकसान नाही.

परंतु जे हाताने करता येते त्याचे काय? साधा लंबक घ्या. दोऱ्याला गोटी बांधावी, वीस आंदोलने मोजावी, त्यावरून पृथ्वीचे गुरुत्व काढावे. एक मीटर दोऱ्याला एका आंदोलनास सुमारे दोन सेकंद, विसांना चाळीस. पडद्यावर हाच प्रयोग केला की उत्तर ९.८१ येते, अगदी बिनचूक. येणारच! कार्यक्रम लिहिणाऱ्याने तो आकडा आधीच आत घालून ठेवलेला असतो. डब्यात ठेवलेली भाकरी डब्यातून निघाली, यात शोध कसला?

खरा लंबक यवतमाळात टांगला तर गोष्ट निराळी होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिथे अधिक. म्हणून विषुववृत्ताच्या बाजूला गुरुत्व थोडे कमी. आपल्या वीस अंश अक्षांशावर ते ९.७९ च्या जवळपास यावे. हा आपल्या गावाचा आकडा. तो इथल्या दोऱ्याने, इथल्या हाताने काढायचा आहे. मात्र स्टॉपवॉच दाबताना बोट पाव सेकंदाने सहज चुकते. चाळीस सेकंदांत पाव सेकंद म्हणजे गुरुत्वात एक टक्क्याहून थोडी जास्त चूक, म्हणजे ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक त्या चुकीत बुडून जातो. इथे संगणकाचे काम सुरू होते. गोटीने प्रकाशाचा किरण अडवला की वेळ नोंदवणारे साधन संगणकाला जोडावे. ते सेकंदाचा हजारावा भाग धरते. मग लांबी नीट मोजली, झोका लहान ठेवला, तर आपल्या गावाचा आकडा हाती लागतो.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने याच हेतूने ‘एक्सपाइज’ नावाची छोटी पेटी तयार केली. तिचा आराखडा आणि कार्यक्रम सर्वांना खुले आहेत. साधन बिघडले तर उघडून पाहण्यास मज्जाव नाही. आमच्या फिटर मंडळींना हे ऐकून फार आनंद झाला. संगणकाने प्रयोगाचा चाकर व्हावे, प्रयोगाची जागा घेऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

जागा घेतली जाते तिचा अनुभव आम्हांस आहे. एका तालुक्याच्या कॉलेजात चौकशी केली, तेव्हा कळले की पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तासिका तत्त्वावर, परिचराची जागा रिकामी, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला मुले चित्रफीत पाहून वहीत आकडे उतरवतात. २०२० मध्ये टाळेबंदीत याला इलाज नव्हता. टाळेबंदी उठली, चित्रफीत राहिली. ती पगार मागत नाही ना! शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला प्रयोगशाळाही मिळते आणि पडदाही. खाण कामगाराच्या मुलीला नुसता पडदा.

अमरावती विद्यापीठाखालच्या कोणत्याही कॉलेजात आपण जूनमध्ये प्रवेशासाठी जाल, तेव्हा फीची पावती घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : प्रात्यक्षिक कोण घेणार, ते कायम नोकरीत आहेत की तासावर, आणि एका लंबकामागे किती मुले उभी राहणार. उत्तर मिळाले नाही तर प्रयोगशाळेचे दार उघडून दाखवा म्हणावे.