पालकांचे कर्तव्य कधी सुरू होते?



'पालकांची कर्तव्ये' हा विषय मंडळाने आम्हाला दिला आहे. पण ही कर्तव्ये मूल जन्मल्यावर सुरू होतात की त्याच्याही आधी?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर एकापेक्षा अधिक मूल त्याने पत्करले नसते, असा रोखठोक मुद्दा त्यात होता. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्याआधी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते. आणि हे सारे त्यांनी केवळ पुस्तकातून घेतलेले नव्हते. त्यांची व रमाईंची पाचपैकी चार मुले दगावली; राजरत्न १९२६ साली गेला.

आता आमच्या घरचे सांगतो. आम्हाला दोन मुली. दुसरीच्या वेळी, विहारात त्रिशरण घेणारी आमची आई 'वंशाला दिवा हवा' म्हणून रडू लागली. आम्ही कला शाखेचे पदवीधर, जयंतीला भाषणे करणारे, पण घरात गप्प बसलो. हो नाही, की नाही नाही. 'आता पुरे' हे पत्नीनेच सांगितले आणि पुढे वर्षभर बोलणीही तिनेच खाल्ली. आमचे मत त्या ५२ मध्येच पडले म्हणायचे!

बँकेच्या काउंटरवर तर नेहमीचेच. मुलाच्या नावाचे रिकरिंग शिक्षणासाठी, मुलीच्या नावाचे लग्नासाठी. आम्हीही तसेच उघडले होते. सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: वाईटापासून रोखणे, चांगल्याला लावणे, हुन्नर शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे, वेळेवर वारसा हाती देणे. विद्यार्थ्यांनी यातला क्रम पाहावा. हुन्नर तिसरा, लग्न चौथे.

मुदत भरली तेव्हा थोरलीने विचारले, "पप्पा, हे पैसे माझ्या लग्नाचे की माझ्या नर्सिंगचे?" आम्ही पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "मला काय विचारता? तिला विचारा."

तिला अठरा पूर्ण झाली होती. आम्ही फॉर्म पुढे ठेवला. सही तिने केली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजची फी भरून पावती आजीला दाखवायला घेऊन गेली.